आंब्याच्या सावलीतला लव्हाळा



परिसर अभ्यासात वनस्पतींचा भाग आला की आपण फळ्यावर चार रकाने आखतो. झाड, झुडूप, वेल आणि गवत. पहिले तीन रकाने मुलं पटापट भरतात. आंबा, वड, चिंच, जास्वंद, तगर, कारलं, दोडका. चौथ्या रकान्यात मात्र गंमत होते. जे बुटकं आहे, हिरवं आहे आणि ज्याची पानं लांब-बारीक आहेत, ते सगळं मुलांच्या लेखी गवत. आपल्या मोठ्यांच्या लेखीही तसंच. या एका शब्दाखाली वनस्पतींचं एक अख्खं कुळ झाकलं जातं. ते म्हणजे लव्हाळ्याचं कुळ.

आज या लव्हाळ्याबद्दल लिहायचं आहे. त्यातही सावलीत वाढणाऱ्या, पांढऱ्या गोंड्याच्या लव्हाळ्याबद्दल. साताऱ्यात आमच्या घरामागे आंब्याखाली तो २०१८ पासून आहे. तो लावताना काय काय करावं लागलं, वर्गात त्याचा काय उपयोग झाला आणि सांगलीकडच्या माझ्या शेतकरी वडिलांचं नि माझं त्यावरून काय झालं, हे सगळं एकत्रच सांगते. कारण ते वेगळं काढताच येत नाही.

लव्हाळा ओळखायचा कसा?

अगदी सोपी खूण आहे. दांडा दोन बोटांत धरायचा आणि हळूच फिरवायचा. गवताचा दांडा गोल लागतो. लव्हाळ्याचा दांडा बहुतेक वेळा तीन धारांचा असतो, बोटांना कडा टोचतात. मग रोपाकडे वरून बघायचं. लव्हाळ्याची पानं तीन ओळींत, तीन दिशांना गेलेली दिसतात. गवताची पानं दोनच ओळींत, समोरासमोर असतात. शिवाय गवताच्या दांड्याला पेरं असतात, लव्हाळ्याचा फुलाचा दांडा खालपासून वरपर्यंत सलग असतो.

पुस्तकांत आणखी एक फरक दिलेला असतो, की गवताचा दांडा पोकळ आणि लव्हाळ्याचा भरीव. मी तो सांगितला तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, ऊस गवतातच येतो ना? मग ऊस कुठं पोकळ असतो?" वर्गात हशा पिकला, पण त्याचं बरोबरच होतं. ऊस गवताच्या कुळातला आहे आणि भरीव आहे. ज्वारीचं धाटही भरीवच. म्हणून आम्ही वहीत त्या वाक्यापुढे 'बहुतेक' हा शब्द लिहिला आणि पेरांची खूण पक्की केली. ज्याच्या घरी ऊस आहे त्या मुलाला हे पुस्तकाआधी कळलं, याचा मला फार आनंद झाला.

जगभरात लव्हाळ्याच्या कुळात सुमारे साडेपाच हजार जाती आहेत. प्राचीन इजिप्तमध्ये ज्याच्यापासून लिहायचे कागद करत, तो पपायरस याच कुळातला. तामिळनाडूत पत्तमडईच्या तलम चटया विणतात, त्या कोरई नावाच्या लव्हाळ्याच्या. नर्सरीत 'अंब्रेला पाम' म्हणून जे छत्रीसारखं झाड कुंडीत विकतात, ते पाम नाहीच. तोही आफ्रिकेकडून आलेला लव्हाळाच आहे. दिवाळीच्या उटण्यात पडणारा नागरमोथा म्हणजे याच कुळातल्या लव्हाळ्याच्या वाळवलेल्या सुवासिक गाठी. इतकं असूनही आपल्याकडे 'लव्हाळा' हा शब्द उच्चारला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. त्याला कारण आहे, ते पुढे येईल.

आंब्याखालची उघडी जमीन

आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. मागच्या अंगणात सासऱ्यांनी लावलेला आंबा आहे. आता तो चांगला डेरेदार झालाय. दुपारी अकरा ते चार अंगणात ऊन म्हणून येत नाही, मधूनमधून कवडसे तेवढे. उन्हाळ्यात यासारखं सुख नाही. पण पावसाळ्यात तिथे फार वाईट अवस्था व्हायची. डोंगराकडून उतरणारं पाणी उघड्या जमिनीवरून वाहायचं आणि जाताना माती घेऊन जायचं. दरवर्षी आंब्याची मुळं थोडी थोडी उघडी पडत होती. आधी फक्त बुंध्याजवळ दिसायची, मग हातभर लांबपर्यंत दिसायला लागली.

नर्सरीवाल्याला विचारलं. त्याच्याकडची हिरवळ उन्हात वाढणारी, आमच्या सावलीत ती विरळ होऊन गेली असती. दुसरा पर्याय त्यानं मंकी ग्रासचा दिला. ते सावलीत येतं, पण ते आपल्याकडचं नाही, आणि एवढ्या जागेला लागणाऱ्या पिशव्यांचा हिशोब केल्यावर आम्ही दोघंही गप्प झालो. घरी मग पेव्हिंग ब्लॉकचं ठरायला लागलं. चिखल नाही, झाडलोट सोपी, गाडी लावता येईल. सासूबाईंना तेवढं एक पटत नव्हतं. त्या म्हणाल्या, "ह्यांनी लावलेलं झाड आहे. मुळांवर फरशी घातली तर ते पाणी पिणार कुठनं?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या थरातच जास्त असतात. तो थर दाबून वर सिमेंट घातलं की पाणी आणि हवा दोन्ही कमी होतं. पण नुसतं 'नको' म्हणून भागत नाही, त्या जागी काय, ते सांगावं लागतं. शेवटी घरात असं ठरलं की एक पावसाळा बघायचा. नाही जमलं तर दिवाळीनंतर ब्लॉक.

शाळेमागची पांढरी बटणं

उत्तर शाळेतच सापडलं. पाण्याच्या टाकीमागे, कडुनिंबाच्या आणि भिंतीच्या सावलीत, एक हिरवा पट्टा कित्येक वर्षं होता. त्याला कुणी लावलं नव्हतं, कुणी पाणी घालत नव्हतं. पावसाळ्यात त्यावर वाटाण्याएवढे पांढरे गोंडे यायचे. मुली त्यांना 'बटणं' म्हणायच्या आणि कानात अडकवायच्या. दांडा फिरवून पाहिला, तीन धारा. गोंड्याच्या खाली तीन-चार लांब हिरवी पानं, पंख्याच्या पात्यांसारखी पसरलेली. जमिनीत आडवं पसरणारं मूळ, ते चुरगळलं की मंद वास.

वनस्पतिशास्त्रात याला किलिंगा नेमोरॅलिस म्हणतात. 'नेमोरॅलिस' या लॅटिन शब्दाचा अर्थ वनराईतला, झाडीतला. म्हणजे सावलीची सवय त्याच्या नावातच आहे. भारतात तो सगळीकडे आढळतो. इथलाच आहे, बाहेरून आणलेला नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. आपल्या साताऱ्याजवळ कास पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, त्यात कास आहे. तिथेही पावसाळ्यात गवतांच्या बरोबरीनं लव्हाळ्याच्या जाती वाढतात. जांभ्या खडकावरच्या पातळशा मातीत त्यांनी कसाबसा जम बसवलेला असतो. तिथून एक काडीही आणायची नाही. मुलांना सहलीला नेलं तर हे आधी सांगावं. आपल्याला हवं ते रोप बहुतेक वेळा आपल्याच गल्लीत, नळाच्या कडेला, देवळामागे, शाळेच्या भिंतीलगत असतं. मी मुख्याध्यापकांना विचारून टाकीमागचं एक ढेकूळ आणलं, साधारण परातीएवढं.

लावणी आणि देखभाल

मृगाचा पाऊस होऊन जमीन ओली झाली, मग वाफसा आल्यावर लावणी केली. जून २०१८. पहिल्या वर्षी सगळी जागा घेतली नाही. चार फूट बाय पाच फूट एवढाच तुकडा, जिथून माती सर्वांत जास्त वाहायची तो.

कुदळ वापरली नाही. आंब्याची मुळं वरच होती. खुरप्यानं दोन बोटं खोल माती मोकळी केली, त्यात पालापाचोळ्याचं जुनं खत मिसळलं. आणलेलं ढेकूळ हातानं सोडवलं. प्रत्येक तुकड्याला तीन-चार कोंब आणि आडव्या मुळाचा बोटभर भाग राहील असं बघितलं. साधारण अर्ध्या फुटावर एकेक तुकडा लावला, ८० तुकडे झाले. बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवली. तिथे काही लावायचं नाही, बुंध्याला ओल धरून राहते. आणि कडेनं विटा उभ्या गाडल्या. हे फार महत्त्वाचं. हा लव्हाळा जमिनीखालून सरकत जातो, त्याला हद्द आखून द्यावी लागते.

पहिले दोन आठवडे पाऊस नसेल त्या दिवशी झारीनं पाणी. पुढे पावसानंच काम केलं. महिनाभर काही घडतंय असं वाटलंच नाही. घरात रोज कुणीतरी जाऊन बघायचं आणि काही न बोलता परत यायचं. श्रावणात तुकड्यांमधली माती दिसेनाशी व्हायला लागली. गणपतीत पांढरी बटणं आली. दिवाळीपर्यंत तो तुकडा चटईसारखा भरला आणि शेजारच्या उघड्या जागेपेक्षा तिथली माती उंच दिसायला लागली. खरं तर ती उंच झाली नव्हती. तिथली टिकली होती, शेजारची वाहून गेली होती. ब्लॉकचा विषय त्या दिवाळीत कुणी काढला नाही.

आता देखभालीचं थोडक्यात. पावसाळा संपल्यावर चार-पाच दिवसांनी पाणी, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर. एप्रिल-मे महिन्यांत पानांची टोकं तपकिरी होतात, काही भाग वाळल्यासारखा दिसतो. घाबरू नये, उपटू नये, वळवाचा पाऊस झाला की परत फुटतो. आंब्याची पानं वर साचली तर मात्र हातानं काढावी, जाड थराखाली तो गुदमरतो. ती पानं बुंध्याभोवती पसरावीत. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आधी आणि पावसाच्या तोंडावर, विळ्यानं वरवर कापायचा. बी पडून दुसरीकडे जायला नको असेल तर गोंडे वाळायच्या आत खुडायचे. अगदी गडद अंधारात, बुंध्याला चिकटून, तो नीट येत नाही. त्याला कवडशांची सावली आवडते. आणि रोज क्रिकेट खेळलं जाईल अशा जागेवर लावू नका, ते त्याला सोसणार नाही.

आण्णा आणि लव्हाळा

माझं माहेर सांगलीजवळ, कृष्णेच्या काठी. सासर-माहेरात सुमारे १२० किलोमीटरचं अंतर, पण नदी एकच. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते, कराडला कोयना मिळते, आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. साताऱ्याच्या अंगणातून वाहून गेलेली माती शेवटी माझ्या माहेरच्या दिशेनंच जाते, हे मी मुलांना नकाशावर बोट फिरवून दाखवते.

आण्णांची शेती उसाची आणि हळदीची. लहानपणी सुट्टीत आम्ही भावंडं भांगलणीला जायचो. हळदीच्या सरीत वाकून लव्हाळा उपटायचा. वरचं पातं हातात यायचं आणि खाली गाठ राहायची. आण्णा ओरडायचे, "वरवर वढू नगासा, गाठीसकट काढा!" या शेतातल्या लव्हाळ्याच्या गाठी दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या असतात. नांगर फिरला, माळ तुटली, की सुट्या झालेल्या गाठी वेगवेगळ्या उगवतात. म्हणजे जितकी नांगरट कराल तितका तो वाढतो. १९७७ साली लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत वाईट तणांवर पुस्तक लिहिलं, त्यात पहिला नंबर या गाठीच्या लव्हाळ्याचा. आमच्या आण्णांनी ते पुस्तक पाहिलेलं नाही. त्यांना गरजही नव्हती.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून अंदाज यावा. आमच्या घरात पाणी शिरलं. आई-आण्णांना भावानं आधी उंचावरच्या शाळेत नेलं, रस्ता सुरू झाल्यावर साताऱ्याला माझ्याकडे आणून सोडलं. शेत आठवडाभर पाण्याखाली होतं. ऊस कुजला, हळदीचे गड्डे जमिनीतच सडले. भाऊ फोनवर एकेक सांगायचा आणि आण्णा नुसते "हं" म्हणायचे. एकदा त्यानं सांगितलं, की रानात आता पहिल्यांदा हिरवं दिसतंय ते लव्हाळ्याचं. आण्णांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते उठून गेले.

आपण वर्गात तुकाराम महाराजांचा तो महापुराचा दृष्टांत शिकवतो. मोठी झाडं वाहून जातात आणि नम्र लव्हाळा वाचतो. लहानपणाचा, नम्रतेचा तो धडा आहे आणि तो मोलाचाच आहे. पण त्या दिवशी मला कळलं, की ज्याची हळद गेली आणि लव्हाळा राहिला, त्या माणसाला तो दृष्टांत ऐकवायची वेळ ती नव्हे. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले. आण्णांना रिकामं बसायची सवय नाही. मागच्या अंगणात गेले, आंब्याखाली बघितलं, सासूबाईंना खुरपं मागितलं. त्यांना वाटलं, काहीतरी साफसफाई करत असतील. दुपारी मी आले तेव्हा विटांच्या कडेचा दोन हात पट्टा उपटलेला होता. आण्णा उकिडवे बसले होते, हातात एक मुळी धरून.

"काय गं, लव्हाळा लावलायस व्हय? मुद्दाम?"

"होय आण्णा."

"आमी उभा जन्म त्यो उपटण्यात घालवला. आन् तू त्याला वीट लावून, खत घालून वाढवतीस?"

माझ्याकडे उत्तर होतं. किलिंगा, नेमोरॅलिस, इथलाच आहे, सगळं पाठ होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांचं रान होतं, तिथे हे शब्द काय कामाचे? मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. पट्टा उपटल्याचं वाईट वाटत होतं, तेही गिळलं.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "मी दोन हात काढला आन् थांबलो. गाठच लागंना. खाली हात घालून बघितलं, नुसती आडवी मुळी. माळ न्हाई, गाठ न्हाई." मग वर आंब्याकडे बघून म्हणाले, "आन् दुसरं म्हंजे, ही एवढी सावली. आपला लव्हाळा सावलीत टिकत न्हाई. ऊस डोक्यावर गेला की आपसूक दबतो त्यो. ह्यो मात्र सावलीत हिरवागार. मग ह्यो त्यो न्हवं."

मी बघतच राहिले. मी पुस्तकं चाळून, नाव शोधून ज्या निष्कर्षाला आले होते, तिथे आण्णा खुरप्यानं अर्ध्या तासात आले होते. गाठ नाही आणि सावली सोसतो, ही दोनच निरीक्षणं आणि त्यावरून काढलेलं चोख अनुमान. तेही अशा दिवसांत, की त्यांनी रागानं सगळंच उपटलं असतं तरी कुणी त्यांना बोललं नसतं. उपटलेले तुकडे त्यांनी फेकले नव्हते. बादलीत, मुळं पाण्यात बुडतील असे ठेवले होते.

संध्याकाळी आम्ही दोघांनी ते परत लावले. आण्णांनी लावले ते ओळीत, सरळ, सरीत हळद लावावी तसे. माझे वेडेवाकडे. शेवटी त्यांनी अट घातली, "हितं ठेव. पर ह्याचा एक तुकडासुदिक गावाकडं आनायचा न्हाई. तिथं एक हाय तेवढा बास हाय."

अट योग्यच आहे आणि ती मी तुम्हालाही घालते. हा लव्हाळाही पसरणारा आहे. शेताच्या बांधावर, भाताच्या खाचरात किंवा दुसऱ्याच्या हिरवळीत तो गेला तर तिथे तो तणच ठरेल. परसात, विटांच्या आत, आपल्या नजरेखाली ठेवायचा.

वर्गात काय केलं?

त्यानंतर मी वर्गात 'आण्णांची कसोटी' शिकवायला लागले. नाव विचारण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. दांडा फिरवून बघा. खाली काय आहे ते उकरून बघा, गाठ की आडवी मुळी. तो कुठे उगवलाय ते बघा, उन्हात की सावलीत. हे वहीत लिहून झाल्यावरच नाव. मुलं आधी कुरकुरली, "बाई, नाव सांगा ना." पण नाव आधी सांगितलं की मुलं बघणं थांबवतात, हा माझा अनुभव आहे. 'तण' हा शब्द तर त्याहून जास्त. तो ऐकला की हात आपोआप उपटायला जातो.

यावर मुलांशी एक छान चर्चा होते. हराळी शेतात असली की शेतकरी तिला शिव्या घालतो. तीच हराळी गणपतीत दूर्वा होते, एकवीस मोजून जुडी करतो. लव्हाळ्याच्या गाठी रानात नकोशा, वाळवून दळल्या की उटण्यात हव्या. मग तण म्हणजे काय? एका मुलीनं उत्तर दिलं, "बाई, तण म्हणजे चुकीच्या घरी आलेला पाहुणा." मी ते फळ्यावर तसंच लिहिलं.

दुसरा उपक्रम मातीचा. दोन लिटरच्या दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या आडव्या ठेवून वरची बाजू कापायची, तोंडं तशीच ठेवायची. दोन्हींत सारखी माती भरायची. एकीत महिनाभर आधी लव्हाळ्याचे किंवा हराळीचे तुकडे लावून वाढू द्यायचे, दुसरी तशीच उघडी. मग दोन्हींच्या मागच्या टोकाखाली वीट ठेवून उतार द्यायचा, तोंडाखाली काचेचे पेले, आणि झारीनं सारखंच पाणी घालायचं. उघड्या मातीतून चहासारखं गढूळ पाणी येतं. दुसऱ्या पेल्यात बरंच स्वच्छ येतं, आणि तेही सावकाश. पेले तसेच रात्रभर ठेवायचे. सकाळी तळाशी बसलेला गाळ पट्टीनं मोजायचा. मुलं हे वर्षानुवर्षं विसरत नाहीत. यानंतर कृष्णेचा नकाशा काढला, तर साताऱ्याची मुलं सांगलीच्या पुराबद्दल वेगळ्या काळजीनं विचारतात. एका परसातल्या लव्हाळ्यानं पूर थांबत नाही, हे मात्र त्यांना स्पष्ट सांगावं. पुरामागे धरणांचे विसर्ग, दिवसेंदिवस लागून राहिलेला पाऊस आणि नदीकाठची बांधकामं अशी मोठी कारणं असतात. आपल्या अंगणातली माती अंगणात राहावी, एवढंच आपल्या हातातलं काम आपण करतो.

आता थोडं घरचं. आंब्याची जी मुळं उघडी पडली होती, ती आता बहुतेक झाकली गेली आहेत. ब्लॉक अजून आलेले नाहीत. आण्णा गावी परतले, पुन्हा हळद लावली. फोनवर आईशी बोलून झालं की ते फोन घेतात आणि विचारतात, "तुझं ते गवत कसं हाय?" मी म्हणते, "आण्णा, गवत नाही, लव्हाळा." ते म्हणतात, "तेच की. पाणी घाल त्याला."

शिक्षकांनी आणि पालकांनी करून बघावं असं काही:

१. या आठवड्यात मुलांना घेऊन घराभोवती किंवा शाळेभोवती एक फेरी मारा. प्रत्येकानं तीन धारांचा दांडा शोधायचा. सापडला तर उपटायचा नाही, जागा लिहून ठेवायची. उकरून बघायचा असेल तर एकच, आणि बघून झाल्यावर परत मातीत लावायचा.

२. आजी-आजोबांना दाखवा आणि विचारा, "याला तुमच्याकडे काय म्हणतात?" गावाच्या नावासकट ते नाव वहीत लिहा. वाईचं, पाटणचं, मिरजेचं, जतचं नाव वेगळं निघू शकतं. नाव सांगताना ते जी गोष्ट सांगतील, तीही लिहून घ्या.

३. घराजवळ सावलीत उघडी पडलेली जमीन असेल तर तिथे लगेच फरशीचा विचार करू नका. एक पावसाळा द्या.

तुमच्या मुलांनी जमवलेली नावं मला जरूर कळवा. आमच्या वर्गाच्या वहीत आतापर्यंत अकरा झाली आहेत.